मुलांचे भूत आणि मोठ्यांचे भूत

दिवाळीच्या अंकात भुताखेतांचा विषय काढणे काही वाचकांना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. चकली-अनारशांच्या ताटाशेजारी हडळी-खविसांची पंगत कशाला, असे घरातले वडीलधारे विचारतील. परंतु सणाकडे नीट पाहिले तर दिसेल की, दिवाळीच्या सुरुवातीलाच आपण एक दिवा यमराजाच्या नावाने लावतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्या दिव्याची वात दक्षिणेकडे करतो. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेला झाले तर आजी लगेच टोकते. त्याच्या महिनाभर आधी पितृपंधरवडा होऊन गेलेला असतो. पान वाढून आपण कावळ्याची वाट पाहतो, आणि कावळा शिवायला उशीर झाला की मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. घरातले पाच-सहा वर्षांचे मूल हे सारे बघत असते. गेलेले आजोबा कावळ्याच्या रूपाने जेवायला येतात, असे त्याला आपणच सांगितलेले असते. त्याच मुलाने त्या रात्री, "माडीवर कोणीतरी आहे," असे म्हटले, की आपण त्याला दटावतो, "भूतबीत काही नसतं. झोप मुकाट्याने!" आणि तरी ते झोपले नाही, तर बागुलबुवाला हाक मारतो.

भूत नाही आणि बागुलबुवा आहे, अशा या दोन वचनांमध्ये मराठी मूल शतकानुशतके झोपी जात आले आहे. आपल्या वाङ्मयानेही पुष्कळदा हाच कित्ता गिरवला. एक तर भूत दाखवून मुलाला धाक घालायचा, नाही तर शेवटच्या परिच्छेदात ते भूत म्हणजे दोरीवर वाळत घातलेले धोतर होते असे सिद्ध करून त्याला शहाणे करायचे. धाक घालणारा आणि शहाणे करणारा, दोघेही एक प्रश्न विचारायला विसरतात : बाळा, तुला दिसले ते काय होते? या लेखात मला त्या विसरलेल्या प्रश्नासंबंधी लिहायचे आहे. आणि तो विचारणारे लेखन आपल्याकडे कोठे आहे, कोठे नाही, हे पाहायचे आहे.

मुलाला जे दिसते ते खोटेपणाने सांगितलेले नसते, हे आता सांगायला नको. जिनिव्हाचे झाँ पियाजे यांनी मुलांच्या जगाविषयीचा आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला. स्वप्न कोठून येते, असे त्यांनी लहान मुलांना विचारले होते. अगदी लहान मुले सांगत, स्वप्न बाहेरून येते. ते खोलीत, डोळ्यांसमोर असते. ते आपल्या डोक्यात घडते, हे मुलाला वय वाढता वाढता हळूहळू उमगते. म्हणजे मुलाच्या लेखी रात्री खोलीत 'कोणीतरी' असणे ही रोजची गोष्ट आहे. ते कोण, कसे, कशासाठी आले, एवढेच त्याला ठरवायचे असते. आणि ठरवण्यासाठी लागणारी सामग्री ते मोठ्यांच्या बोलण्यातून गोळा करते. जे पुरते सांगितलेले नसते, ज्याविषयी मोठी माणसे एकदम आवाज उतरवतात, ते तर ते हटकून उचलते.

या बाबतीत माझी शाळा बोरीला झाली. परभणी-जिंतूर रस्त्यावरचे, जिंतूर तालुक्यातले बोरी हे माझे आजोळ. काळ्या जमिनीचा, कापूस-ज्वारीचा मुलूख. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला. त्यामुळे आजोळच्या भुतांतही दोन दरबार होते. पिंपळावर मुंजा, पाण्याजवळ आसरा, आणि उर्दू शाळेत शिकलेल्या आजोबांच्या गोष्टींतून आलेला जिन. आम्हां मुलांना या दोन दरबारांत काही वैर दिसले नाही.

यांतला मुंजा हा मला नेहमीच विचार करायला लावतो. मुंज झाली पण लग्न होण्यापूर्वीच जो मुलगा मेला, तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, अशी समजूत सगळ्या महाराष्ट्रात आहे. म्हणजे हे भूत मुळात एक मूलच! बाकीची भुते थोरांची : कोणी सावकार, कोणी बाळंतीण, कोणी शिपाई. मुंजा मात्र आठ-दहा वर्षांचा. ज्या काळी घराघरांतून मुले जात, पाळणे रिकामे होत, त्या काळाने आपल्या गेलेल्या मुलांसाठी पिंपळावर ही एक जागा राखून ठेवली. परभणीकडे तर त्याला देवपणही मिळाले आहे. पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड असतो, त्याला नारळ फुटतो. आणि त्याहून विशेष म्हणजे या भागात मुंजाजी, मुंजाभाऊ ही नावे सर्रास ठेवलेली आढळतील. सटवाईच्या नावाने सटवाजी, पिराच्या नावाने पिराजी, तसा मुंजाच्या नावाने मुंजाजी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे नाव चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या भुताचे भय बाळगायचे त्याचेच नाव पाळण्यातल्या बाळाला द्यायचे, यात केवढा शहाणपणा आहे! मेलेल्या मुलाचे नाव जिवंत मुलाला दिले, की तो मेलेला मुलगा परका राहत नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी बोरीला गेलो होतो. माझ्या मामेभावाची मुले आणि त्यांचे सवंगडी संध्याकाळी ओट्यावर जमले होते. विषय निघाला, तेव्हा मी विचारले, "काय रे, पारावरचा मुंजा कोणी पाहिलाय का?"

"बारकं हाय, काका. आमच्याएवढंच," एकजण सहज म्हणाला.

"मग झाडावर दिवसभर करतो काय?"

"काय करील? बसून राहतंय. शाळंत नाव नाही ना त्याचं."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांतली सर्वांत धाकटी, पहिलीतली मुलगी म्हणाली, "त्याची माय त्याला न्यायलाच आली नाही."

रात्री जेवणे झाल्यावर हाच प्रश्न मी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना केला. त्यांचे उत्तर सरळ होते. लग्नाची वासना राहिली म्हणून तो अडकला. आणि त्याच्या बुडाशी काहीतरी पुरलेले आहे, त्याच्यावर तो बसलेला आहे. हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता. मुलांनी आणला नव्हता.

एकाच पारावर एकाच नावाची ही दोन भुते आहेत. मोठ्यांच्या भुताजवळ काहीतरी असते : पुरलेले धन, अपुरी वासना, चुकता करायचा सूड. ते कोणाकडून तरी काही मागते, आणि म्हणून त्याला काहीतरी द्यावे लागते. मुलांच्या भुताजवळ काहीच नाही. त्याला कोणी न्यायला आलेले नाही, एवढीच त्याची कथा. मुलाला भुताचे भय वाटते यात शंका नाही. पण त्या भयाच्या पोटात दडलेली भीती स्वतःविषयीची असते : शाळा सुटली, सगळे गेले, आणि मला कोणी न्यायला आले नाही तर? भुताविषयीच्या कोणत्याही लेखनाची परीक्षा करताना मी आता हीच कसोटी लावतो. लेखकाने आपल्यापुढे कोणते भूत उभे केले आहे, धनावर बसलेले, की वाट बघत बसलेले?

या कसोटीला उतरणारी पहिली रचना, आश्चर्य वाटेल, पण एकनाथांची आहे. पैठणच्या या संताने भुतावर भारूड रचले. त्यात हे भूत भलतेच जबर आहे, देवऋषी आणि उतारे त्याच्यापुढे हरतात. आणि अखेरीस कळते की हे भूत म्हणजे सर्वांच्या ठायी भरून असलेला परमेश्वरच. 'भूत' या शब्दाचे दोन्ही अर्थ नाथांनी एका मुठीत धरले आहेत. पण माझे लक्ष वेधते ते वेगळ्याच ठिकाणी. हे भूत कोणाकोणाला लागले, हे सांगताना नाथ ध्रुवबाळाचे नाव घेतात. ध्रुव म्हणजे बापाच्या मांडीवरून सावत्र आईने उठवलेले पाच वर्षांचे पोर. मांडी गेली आणि ते रानात जाऊन उभे राहिले. बोरीच्या मुलीचे वाक्य आणि नाथांचा हा दाखला शेजारी शेजारी ठेवून पाहा. जवळ घेणारे कोणी उरले नाही, की मुलाला भूत लागते. त्या भुताचा नाथांनी देव केला, आणि पोराला आकाशात अढळ जागा मिळाल्याची कथा तर आपण सर्वांनी ऐकलेली आहेच. भारूड ऐकायला बसलेल्या आयाबायांना हा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला असेल, असे मला वाटत नाही.

आधुनिक काळात मुलांपुढे भूत उघडपणे उभे करण्याचे धाडस रंगभूमीने केले. मादाम मॉन्टेसरींचा अगदी लहान मुलांना अद्भुताच्या कथा देण्याला विरोध होता, आणि आपल्याकडच्या सुशिक्षित घरांवर त्या विचाराची छाया होती. अशा काळात १९५९ साली सुधा करमरकर यांनी 'लिटल थिएटर' सुरू केले, आणि पहिलेच नाटक आणले ते रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी'. त्यात चेटकीण होती, आणि ती स्वतः सुधाताईंनी रंगवली. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'त चिंची चेटकीण आली. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली. २०१८ साली नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा वैभव मांगले यांनी. तीन पिढ्यांनी या चेटकिणीला घाबरून घेतले आणि पुन्हा तिकीट काढले. याचे मर्म नाटकगृहाच्या अंधारात आहे. तेथे मूल घाबरते, पण आईचा हात हातात असतो, आणि शेजारच्या खुर्चीतले अनोळखी मूलही त्याच क्षणी घाबरलेले असते. एकट्याने खाटेवर घाबरणे आणि चारशे मुलांनी मिळून किंचाळणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकच उणीव मला वाटते. चेटकिणीला मुले हरवतात आणि सारे आनंदीआनंद होतो. ती तशी का झाली, तिला कोणी विचारीत नाही. खेडोपाडी एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवून लोक तिच्या अंगावर धावून गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. म्हणून ही उणीव मला खटकते.

ती उणीव विंदा करंदीकरांनी भरून काढली, असे माझे मत आहे. 'पिशीमावशी आणि तिची दुनिया' हा त्यांचा बालकवितांचा संग्रह १९८१ चा, आणि 'बागुलबोवा' १९९३ चा. ज्ञानपीठाचा मान मिळवणाऱ्या कवीची ही पुस्तके समीक्षकांनी कौतुकाने बाजूला ठेवली; मुलांनी तसे केले नाही. पिशीमावशी मसणवटीची रहिवासी. पण ती 'मावशी' आहे! विंदांची सारी करामत मला या एका नात्यात दिसते. मावशी म्हणजे आई नसताना न्यायला येणारी बाई. मराठी बोलीने हे फार पूर्वी ओळखले होते. म्हणून तर बागुलाला 'बुवा' लागला, मुंजाचा 'मुंजोबा' झाला, पाण्यातल्या आसरांना बायका 'मावलाया' म्हणू लागल्या. भयाला नाते लावून घरात घेण्याची ही जुनी रीत विंदांनी कवितेत आणली. तेथे धाक नाही आणि उपदेशही नाही. मूल हसते, किंचित शहारते, आणि पान उलटते.

आता मोठ्यांच्या भुताकडे वळू. दिवाळी अंकांची प्रथा का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पाडली, आणि पुढे भयकथा किंवा गूढकथा हा दिवाळीच्या फराळातला एक ठरलेला जिन्नस होऊन बसला. नारायण धारपांनी आणि मतकरींनी तो अनेक वर्षे पुरवला. धारपांच्या एका कथेवरून सुचलेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला, तेव्हा ज्यांनी धारप कधी वाचले नव्हते त्या पिढीलाही भीतीने घाम फुटला. चित्रपट हिंदी, पण माती कोकणची. त्यात एक आई आपल्या मुलांना एका राक्षसी दैवताचे नाव घेऊन निजवते. मुलाला धाक घालण्यासाठी उच्चारलेले ते नाव पुढे त्याच मुलाच्या आयुष्याचा ध्यास होते, कारण त्या नावाशी सोन्याच्या मोहरा जोडलेल्या असतात. धनावर बसलेले भूत म्हणजे काय, याचे इतके निर्दय चित्रण आपल्याकडे दुसरे झालेले नाही. आणि शेवटी तो वारसा पुढे आला असता हात मागे घेतो तो एक लहान मुलगा. बर्वे यांनी भूत मोठ्यांना दिले आणि विवेक मुलाला दिला. म्हणून हा चित्रपट माझ्या कसोटीला उतरतो.

आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४) मात्र तेथे अडखळतो. आमचा पिंपळावरचा पोरगा पडद्यावर आला, याचा बोरीकर म्हणून मला आनंद झाला. चित्रपट चपळ आहे, प्रेक्षकांना हसवतो आणि दचकवतोही. परंतु या मुंज्याला काय हवे आहे? त्याला लग्न हवे आहे. मनात भरलेल्या मुलीसाठी तो स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघालेला पोरगा आहे. म्हणजे वय मुलाचे आणि हाव मोठ्याची! त्या वृद्ध गृहस्थांनी मला ओट्यावर जे सांगितले, तेच दिग्दर्शकांनी ऐकलेले दिसते. धाकट्या मुलीचे म्हणणे ऐकायला तेथे कोणी थांबले नाही. मेलेल्या मुलाचे दुःख गाळून टाकले, की भुताचे नुसते कार्टे उरते. त्याच्यापासून पळता येते, त्याच्यासाठी रडता येत नाही.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा कशाला? या प्रश्नाचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि सणासुदीच्या अंकात ते सांगताना लेखणी जड होते. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे एकामागून एक खून झाले. त्यांत लहान मुली होत्या, स्त्रिया होत्या. तपासात आणि खटल्यात जी हकीकत पुढे आली ती अशी की, पुरलेल्या धनाच्या आणि संततीच्या लोभाने, पिंपळावरच्या मुंजाला तृप्त करायचे म्हणून हे बळी घेण्यात आले. मुंजा, पिंपळ, गुप्तधन : पारावरच्या गप्पांतलीच ही सामग्री. फरक एवढाच की येथे तिच्यावर मोठ्या माणसांचा विश्वास होता, आणि तिची किंमत मुलींनी दिली. मुलांच्या कल्पनेतला मुंजा आईची वाट पाहत होता. मोठ्यांनी त्याला मुलींच्या रक्ताची तहान चिकटवली.

या प्रकरणावर विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आणि अमोल पालेकरांच्या दिग्दर्शनाखाली 'आक्रीत' हा मराठी चित्रपट १९८१ साली निघाला. त्याची ताकद अशी की, त्यात भूत कोठेही दिसत नाही. दिसतात ती हिशेबी माणसे. कोणत्याही भयपटापेक्षा 'आक्रीत' मला अधिक भयंकर वाटतो. आणि मुलांनी तो पाहू नये असे म्हणताना, मोठ्यांनी तो अवश्य पाहावा असेही मी म्हणेन.

पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो कायदा आला. त्या कायद्याने काय काय निषिद्ध केले हे वाचण्यासारखे आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये, एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जिणे हराम करणे. भूत दिसण्यावर कायद्याने बंदी घातलेली नाही. मुलाला अंधारात जे दिसते त्याच्याशी सरकारचे भांडण नाही. मोठी माणसे त्या दिसण्याचा जो धंदा करतात त्याच्याशी आहे. बालवाङ्मय लिहिणाऱ्यांनी आणि त्याची समीक्षा करणाऱ्यांनीही हा विवेक पाळावा. अंधश्रद्धेच्या भीतीने मुलांच्या पुस्तकांतून भुते सरसकट हाकलून लावली, तर ती पारावर, एखाद्या बुवाच्या ओसरीवर जाऊन बसतील. आणि तेथे ती मुलांच्या नव्हे, मोठ्यांच्या ताब्यात असतील.

माझे मागणे थोडके आहे. आपल्या लेखकांनी मुलांसाठी भुताच्या गोष्टी जरूर लिहाव्यात. शेवटी धोतर दाखवून मुलाला खजील करू नये, आणि मुकाट झोपावे म्हणून भूत पाठवूही नये. मेलेली माणसे कोठे जातात, हा मुलाचा प्रश्न खरा आहे. घरात कोणी गेले असता आपण त्याला शेजारी खेळायला पाठवून देतो, तेव्हा तो अधिकच खरा होतो. चांगली भूतकथा हा प्रश्न मुलाबरोबर बसून सोसते. असे लेखन मराठीत फार थोडे आहे, आणि जे आहे ते बहुतेक कवितेत आहे. पिंपळावरच्या त्या पोराची, कोणीतरी त्याला न्यायला येते अशी एक साधी गोष्ट मला मराठीत वाचायची आहे. ती अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

तोवर घरच्या माणसांना करता येण्यासारखे एक काम आहे. या सुट्टीत रात्री दिवे मालवल्यावर घरातले मूल म्हणाले, "तिकडे कोणीतरी आहे," तर उठून दिवा लावण्याची घाई करू नका, आणि हसू तर मुळीच नका. त्याच्या अंथरुणावर जाऊन बसा आणि विचारा, कोण आहे, केवढे आहे, आणि त्याला काय हवे आहे. मूल जे सांगेल ते नीट ऐकून घ्या. त्यात भुतापेक्षा त्या मुलाचीच हकीकत अधिक निघेल.